पास्कू मरत का नाही

रविवार, १२ जानेवारी १९८६

मेलो! दुपारी साडेचार वाजता, उमेळ्याला, विद्याधरच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत. दोरी तुटली आणि थेट खाली. सतरा हवे होते, पडले चार. "फासा पडला तो पडला," विद्याधर म्हणाला, आणि माझ्या गड्याचा कागद माझ्यासमोर टराटरा फाडला. चार महिने सांभाळला होता मी तो गडी. नाव, तलवार, दातांतली फट — सगळं मी ठरवलेलं. फाडला!

म्हटलं, "अरे, एक संधी तरी?" तर म्हणे, "वर्गात मी एका मार्काने नापास करतो. इथे तुला सोडू?" खरं आहे. हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि पोरं त्याला टरकतात, ती उगाच नाही.

घरी आलो तर आईने विचारलं, "एवढं तोंड पाडून यायला तुम्ही खेळता तरी काय?" सांगितलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. विद्याधर सूत्रधार. तो सांगतो — समोर पडकी वेस आहे, आत उजेड दिसतोय, बोला, काय करता? आम्ही तिघं बोलतो. मी, हेलन आणि अर्नाळ्याचा हरेश्वर. जे करू म्हणू ते करायचं. जमलं की नाही ते वीस तोंडांचा फासा सांगतो. मोठा आकडा पडला तर जमलं. हेलनचा भाऊ युजीन बोटीवर आहे, त्याने हा खोका आणला. आतली इंग्रजी पुस्तिका विद्याधरने चारदा वाचली, म्हणून तो सूत्रधार.

आई म्हणाली, "म्हणजे गप्पाच की!"

गप्पाच. पण दुसरीकडे कुठे मला कुणी विचारतं — बोल, काय करतोस? वालीवच्या ड्रॉइंग ऑफिसात साहेब सांगतो तिथे रेघ मारायची. घरात थोरला भाऊ बॅप्टिस्ट सांगतो तिथे उभं राहायचं. पप्पा गेल्यापासून त्याने माझं कॉलेज ठरवलं, नोकरी ठरवली, केस कधी कापायचे तेही ठरवलं. अठ्ठावीस वर्षांचा झालो!

रविवार, १९ जानेवारी

नवा गडी केला. नाव पास्कू. मठातून हाकललेला चोर. हरेश्वरचा भीमा कुऱ्हाडवाला, हेलनची वैदीण सावित्रा.

आज हेलनने कमाल केली. विद्याधरने पुढच्या शहराचा नकाशा काढून आणला होता — पंधरा दिवस खपला असणार, विहिरीसुद्धा दाखवलेल्या. हेलन म्हणाली, "मला त्या शहरात जायचंच नाही. मी पूल जाळते." विद्याधर तिच्याकडे बघतच राहिला. मग नकाशाची घडी घातली, खिशात ठेवली. "ठीक. पूल जळाला. आता?"

मानलं त्याला. दुसरा कुणी असता तर पाऊस पाडून पूल विझवला असता.

चपला घट्ट होतायत. पाय सुजल्यासारखे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कारखान्यात ओकलो. ड्रॉइंग बोर्डावरच. गावच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, लघवी घेतली, रक्तदाब दोनदा मोजला. चिठ्ठी दिली, मुंबईला दाखवा.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुंबईचं मोठं हॉस्पिटल. मला तपासलं, मग बाहेर बाकावर बसवलं आणि बॅप्टिस्टला आत बोलावलं. अर्धा तास! मी भिंतीवरचं लसीचं चित्र पाठ केलं. तो बाहेर आला तो रुमालाने चष्मा पुसत. "मूत्रपिंडाला सूज आहे. एक खडाही आहे. गोळ्यांनी सूज उतरली की खडा काढतील."

"मला का नाही बोलावलं?"

"तुला काय कळणार त्यातलं?"

आणि त्याला बँकेत बसून कळतं!

बंदी: मीठ. केळी. शहाळं. पाणी मापून. आमच्या दारात केळीची बाग, मागे नारळ — आणि मी ग्लासाला रेघ मारून पाणी पितोय! सुकेळ्यांचा डबासुद्धा आईने कुठेतरी लपवला. मी काय तीन वर्षांचा आहे?

शनिवार, १ मार्च

आई आणि बॅप्टिस्ट मुंबईला. आईचा गुडघा दाखवायला. आल्यावर आई तांदूळ निवडत बसली.

रविवार, ९ मार्च

आज पंपाच्या खोलीत नवीन प्रकार. विद्याधरने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून समोर उभा केला आणि फासे त्याच्याआड टाकायला लागला. आमचेसुद्धा! म्हणे पुस्तिकेत तसंच लिहिलंय. इतके महिने आठवलं नाही ते आता आठवलं.

पास्कू खाडीत पडला. मगर आली. वाटलं, संपलं. पुठ्ठ्याआड फासा खळखळला. "सोळा. वाचलास. मगरीने चप्पल नेली." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

बुधवार, १२ मार्च

पुन्हा आईचा गुडघा. पुन्हा मुंबई. एवढा कसला गुडघा? काल तर चर्चच्या पायऱ्या चढून मिस्सेला गेली!

रविवार, ६ एप्रिल

ईस्टर झाला. खेळ पुन्हा सुरू. आणि माझं डोकं फिरलंय.

पास्कूला सरदाराचा वाडा फोडायचा होता. दरवाजातून गेलो — पहारा दुप्पट. भिंतीवरून गेलो — काचा. मग भुयार शोधलं. तर भुयार निघतं कुठे? मठात! तिथे एक म्हातारा साधू पेज घेऊन बसलेला. दरवाजातून पळालो तेव्हाही याच मठात पोचलो होतो. भिंतीवरून उडी मारली तेव्हाही. तीन वाटा मी निवडल्या, तिन्ही पेजेपाशी! म्हटलं, "विद्या, मला इथे नाही यायचं." तर म्हणतो, "पास्कू दमलाय. थोडा आराम करू दे त्याला."

पास्कू दमलाय की नाही हे मी सांगणार ना? मग मला विचारतोस कशाला — बोल, काय करतोस? तूच बोल, तूच कर.

आणि आजच हरेश्वरचा भीमा मेला. साध्या बाणाने. नऊ पडले, अकरा हवे होते. "फासा पडला तो पडला." कागद फाडला. हरेश्वर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझा गडी मगरीच्या तोंडातून येतो, माजा बानाने मरतो. मेहेरबानी हाय तुझ्यावर, फर्डी." आणि माझ्याआधीच उठून बस पकडायला गेला. तो म्हणतो ते खरंच आहे.

रविवार, १३ एप्रिल

आज मुद्दाम परीक्षा घेतली. काही कारण नसताना म्हटलं, "पास्कू बुरुजावर चढतो आणि खाली उडी मारतो."

हेलन म्हणाली, "फर्डी, हे काय?"

"माझा गडी आहे. उडी मारतो."

विद्याधरने पुठ्ठ्याआड फासा टाकला. बघितला. मग — "अठरा. गवताच्या गंजीवर पडलास."

समुद्राच्या बाजूला गवताची गंजी! लाटांमध्ये! हरेश्वर मोठ्याने हसला. मी नाही हसलो. कागद उचलून निघून आलो.

जो मरूच शकत नाही त्याच्या जगण्याला काय अर्थ? त्याने चोरी केली काय, पेज प्याली काय. माझ्या 'करतो'ला किंमतच राहिली नाही.

रविवार, २० एप्रिल

घरी आल्या आल्या लिहितोय.

पुलावर तिघे मारेकरी. समोर पास्कू एकटा, मागे सावित्रा जखमी. मी म्हटलं, "लढतो." फासा खळखळला. विद्याधर म्हणाला, "सतरा," — आणि मी पुठ्ठा उचलला.

दोन.

दोन होते! पांढऱ्या फाशावर लाल खडूने भरलेला दोनचा आकडा. सगळ्यांनी पाहिला.

"खोटारड्या," मी म्हटलं. "मार्चपासून खोटं बोलतोयस. एका मार्काने नापास करणारा म्हणे! दया करतोस माझ्यावर? कसली दया? मी काय भिकारी आहे तुझ्या दारचा?" अजून बरंच बोललो. त्याच्या आईसमोर बोललो — ती चहा घेऊन दारात उभी होती. विद्याधर फासे गोळा करत होता. एकच वाक्य बोलला, "खेळच आहे रे, फर्डी." आवाज फाटला त्याचा.

"खेळ आहे म्हणूनच!" मी ओरडलो.

हेलन म्हणाली, "फर्डी, पुरे कर आता. तुला बरं नाही."

हरेश्वर तोंड उघडं टाकून दोनच्या आकड्याकडे बघत होता. हेलन नव्हती बघत. हेलनला आश्चर्य वाटलंच नव्हतं.

सोमवार, २१ एप्रिल

कारखान्यात गेलो नाही. पडून होतो. ड्रॉइंगमध्ये तीन बाजूंनी चित्र काढलं की वस्तू कळते — समोरून, वरून, बाजूने. तसं करून बघितलं.

विद्याधर खोटं बोलत नाही. त्याने सख्ख्या पुतण्याला नापास केलंय. मग मार्चपासून का बोलतो? पुठ्ठा कधी आला? मी मुंबईहून आल्यावर चार आठवड्यांनी.

आई मार्चपासून माझ्यावर एकदाही ओरडली नाही. मी ताट ढकललं तरी नाही.

माझ्यासाठी गास गावची मुलगी बघणार होते. ईस्टरनंतर जाऊ म्हणाले होते. ईस्टर झाला. कुणी नावसुद्धा काढत नाही!

साहेबाने मला हलकं काम दिलं. मी मागितलं नव्हतं.

हेलनला आश्चर्य वाटलं नाही.

तिन्ही बाजूंनी एकच आकार येतो. मी मरायला लागलोय, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्यांनी सांगितलं नाही, डॉक्टरने सांगितलं नाही. एका खोट्या फाशाने सांगितलं!

मंगळवार, २२ एप्रिल

फाइल सापडली. बॅप्टिस्ट बँकेत, आई बाजारात. आईच्या पेटीत, लग्नाच्या साडीखाली. बॅप्टिस्टला वाटलं असेल, आईच्या साडीला मी हात लावणार नाही.

इंग्रजी मला वाचता येतं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली. खडा नाहीच! खडा कधी नव्हताच. रक्त मशीनवर धुवायचं किंवा दुसरं मूत्रपिंड — जूनच्या पुढे थांबू नये, असं लिहिलंय. बॅप्टिस्टचं रक्त जुळलं नाही. खाली दुसरं नाव. दाता: मटिल्डा, रुग्णाची आई, वय पंचावन्न. जुळते.

हा गुडघा!

फाइलच्या शेवटी बॅप्टिस्टच्या अक्षरात एक कागद. कुणाला काय सांगायचं, आणि सांगून झालं की बरोबरची खूण. विद्याधर — खरं, मन रमवायला सांगणे. हेलन — खरं, लक्ष ठेवायला. कारखान्याचे साहेब — खरं. शेवटी फर्डी — खडा. त्याच्यापुढेही बरोबरची खूण. झालं काम!

विद्याधर निदान फासा टाकत तरी होता.

बुधवार, २३ एप्रिल

काल बोललो नाही. आज बोललो. बॅप्टिस्ट जेवायला बसला होता, फाइल त्याच्या ताटाशेजारी ठेवली. आई चुलीपाशी उभी होती, ती तशीच राहिली. बॅप्टिस्टने हात धुतले, पुसले. त्याचं सगळं नीट असतं.

"सांगणार होतो."

"कधी? पोट शिवून झाल्यावर?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणजे तुला माहीत होतं, मी नाही म्हणेन!"

"होतं."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"म्हणूनच विचारलं नाही." आणि मग जरा चढ्या आवाजात — "तुला मरू देऊ? पप्पांना काय तोंड दाखवू मी? तुझ्या 'हो-नाही'साठी थांबू?"

"कागदावर माझी सही लागते, दादा."

"सही कुठे करायची ते दाखवलं असतं. खड्याच्या ऑपरेशनलाही सही लागतेच."

हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला! लाज नाही. त्याला खरंच वाटतं, त्याने बरोबर केलं.

मी म्हटलं, "मग आता ऐक. नाही. आईचं काही घेणार नाही मी. पंचावन्नाव्या वर्षी तिला टेबलावर कापायचं, आणि मी अठ्ठावीस वर्षांचा बाप्या तिच्या अंगातलं काढून घालून फिरायचं? नाही. ही माझी चाल."

आई वळली. तिने बॅप्टिस्टचं ताट उचललं आणि मागे गेली.

रविवार, २७ एप्रिल

मिस्सेला गेलो नाही. फादर घरी आले. जीव ही देवाची ठेव आहे, म्हणाले. म्हटलं, "फादर, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" ते खाली बघत म्हणाले, "राखेच्या बुधवारपासून."

म्हणजे माझ्या कपाळाला राख लावताना माहीत होतं. 'माती आहेस' म्हणताना!

गुरुवार, १ मे

सुट्टी. विद्याधर सायकलवरून आला. ओट्यावर बसला, आत आला नाही. सायकलची किल्ली बोटात फिरवत राहिला. मग तो बोलला.

"बॅप्टिस्टदादा शाळेत आला होता. स्टाफरूमच्या बाहेर उभा राहून रडला. मला म्हणाला, त्याला कळू देऊ नकोस, आणि त्याचं मन मोडू देऊ नकोस. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"शपथ घातली होती."

"मग फासा खरा टाकायचा होता. त्याची तर शपथ नव्हती!"

त्याने चष्मा काढला. "दोन पडले, फर्डी. पुलावर तीन माणसं, आणि दोन पडले. तुझ्या तोंडावर म्हणू? मेलास म्हणू? माझी जीभ उचलली नाही. वाटलं, कुठेतरी एका ठिकाणी तरी याने जिंकावं."

"पण मी जिंकतच नव्हतो. तू जिंकवत होतास."

"सूत्रधाराला कधी कधी सांभाळून न्यावं लागतं."

"हरेश्वरला नेलंस?"

मग मी त्याला मनातलं सगळं सांगितलं. म्हटलं, पंपाच्या खोलीत मी येत होतो ते जिंकायला नाही. तिथे मी बोललो की काहीतरी व्हायचं. चांगलं, वाईट — पण मी बोललो म्हणून व्हायचं. तेवढी एकच जागा होती माझी. तीही तू दादाच्या ताब्यात दिलीस.

तो रडायला लागला. विद्याधर! मी त्याची समजूत घातली नाही. थोडा वेळ बघितलं, मग सांगितलं — "रविवारी येतो. पुठ्ठा नको. फासे सगळ्यांसमोर. आणि पुलावरून सुरू करू. दोन पडले तिथून."

"तो मेलाय मग."

"नाही. तू सतरा म्हणाला होतास. ते खोटं, म्हणून तो फासा रद्द. नवा टाकायचा. मी टाकणार."

चार मिनिटं नियमांवर भांडलो. बरं वाटलं. महिन्याभरात कुणी माझ्याशी बरोबरीने भांडलं नव्हतं.

रविवार, ४ मे

जाता आलं नाही. दिवसभर उलट्या. तोंडात लोखंडाची चव.

शुक्रवार, ९ मे

मी एकटा डॉक्टरांकडे गेलो. बॅप्टिस्टला बाकावर बसवलं! डॉक्टर आधी चाचरले, मग सरळ बोलले. आठवड्यातून दोनदा मशीन, तेही किती दिवस निभेल सांगता येत नाही. आईचं मूत्रपिंड घेतलं तर चांगली वर्षं मिळण्याची शक्यता. आईला धोका थोडा — पण धोका नाही असं नाही. आकड्यांत विचारलं, त्यांनी आकड्यांत सांगितलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्यासमोर उघडा फासा टाकला!

विचार करून कळवतो म्हणालो. विचार झालेलाच आहे. नाही.

रविवार, ११ मे

पास्कू मेला!

हरेश्वरने मला उमेळ्याच्या फाट्यावरून सायकलवर डबलसीट नेलं. त्याला आता सगळं कळलंय. वाटेत एकदाच म्हणाला, "मी तुला बोललो ते मनात धरू नको. मला कोन काय बोललाच नाय." म्हटलं, मलाही कुणी बोललं नव्हतं. दोघेही हसलो.

पुठ्ठा नव्हता. सतरंजीच्या मधोमध फासे. हेलनने माफी मागायला तोंड उघडलं, मी म्हटलं नंतर, आधी खेळू. पुलावर तीन मारेकरी. मागे सावित्रा जखमी पडलेली. विद्याधर म्हणाला, "बोल. काय करतोस?" — आणि थांबला. खरंच थांबला! त्याला माहीत नव्हतं मी काय म्हणेन.

मागे वाट मोकळी होती. पळता आलं असतं. म्हटलं, "सावित्रा जंगलात पोचेपर्यंत पूल धरून ठेवतो."

तीनदा फासा टाकला. चौदा — एक मारेकरी खाली. अकरा — ढाल फुटली, पाय टिकले. हेलन म्हणाली, "मी पोचले! पळ आता!" पळायला वळलो आणि टाकला. तीन.

विद्याधरने तीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "फासा पडला तो पडला." आणि पास्कूचा कागद मी फाडला. स्वतः.

काय सांगू! इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो. हेलन रडत होती, हरेश्वर टाळ्या वाजवत होता. पास्कू माझ्या हाताने मेला, माझ्या शब्दाने मेला, आणि सावित्रा वाचली ती त्यामुळे वाचली.

बॅप्टिस्टने असा पूल कधी बघितला नाही. त्याला कळणार नाही.

गुरुवार, १५ मे

आता सगळे विचारतात! फर्डी, भात की भाकरी? फर्डी, पंखा लावू? फर्डी, उशी इकडे की तिकडे? बॅप्टिस्टसुद्धा. दारात उभा राहतो, घसा खाकरतो — "आत येऊ?" अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा! दाढी वाढलीय त्याची. वाईट वाटत नाही मला. वाटायला हवं कदाचित.

एकच गोष्ट विचारत नाही, कारण तिचं उत्तर त्याला माहीत आहे. नाही. मी जिंकलो.

मंगळवार, २० मे

मशीन सुरू. चार तास. हाताला छिद्र.

विद्याधर आला होता. नवा गडी कर म्हणाला. म्हटलं, बघू. पेन्सिल धरवत नाही.

रविवार, २५ मे

आई मागच्या पडवीत लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. मी खुर्चीत. बॅप्टिस्ट मिस्सेला गेलेला. आई मान वर न करता बोलायला लागली.

"त्यानं तुला विचारलं नाय, म्हणून तू महिनाभर घर डोक्यावर घेतलंस. बरोबर हाय तुझं. पण पोरा, मला कोणी विचारलं? त्यानं येऊन सांगितलं, आई, द्यावं लागेल. तू ओरडून सांगितलंस, आईचं घेणार नाय. माझ्या अंगातलं ते. त्याचं 'हो' ठरवणारा तो कोण, आणि 'नाय' ठरवणारा तू कोण?"

मी टोपलीतली एक कैरी उचलून तिच्यापुढे ठेवली. विचारलं, "मग तुला काय हवंय, आई?"

सुरी थांबली. "मला भीती वाटते," म्हणाली. "फार भीती वाटते. तरी मला द्यायचंय."

दुपारी तिने बॅप्टिस्टकडून फॉर्म मागून घेतला. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत मला वाचायला लावला, मराठीत. मग आधी तिने सही केली. नंतर मी.